टीव्हीवरचा बस्ता

नातवाच्या नामकरणात आक्कांना फोटोत मागच्या रांगेत उभं केलं, त्या दिवसापासून साहेबराव आणि त्यांची ही थोरली बहीण, नागुबाईआक्का, एकमेकांशी बोलत नव्हते. आता धम्मप्रियाच्या लग्नाच्या बस्त्याला दोघं एकाच क्रूझर गाडीत बसले होते, आणि नांदेड सोडल्यापासून सगळं बोलणं मधल्या माणसांमार्फत चाललं होतं.

"तुझ्या बापाला म्हणावं काच वर कर. धूळ येऊन राहिली," आक्का मागच्या सीटवरून म्हणाल्या.

"बाबा, आत्या म्हणते काच वर करा," धम्मप्रिया म्हणाली.

"आत्याला सांग, काच अडकलेली हाय."

"आत्या, काच..."

"आयकलं मी. बहिरी न्हाई झाले अजून. म्हणावं, त्याच्या हातात गेलं की समदंच अडकतं."

साहेबराव समोर बघत बसले. त्यांची सगळी नोकरी हदगावकडच्या कालव्यावर पाटकरी म्हणून गेली होती. वरच्या शेताला आधी पाणी सोडायचं की खालच्या, ह्यावरून माणसं कुऱ्हाडी घेऊन यायची. साहेबराव दोन्हीकडच्यांचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बघू." तेवढ्यात कुणाचा तरी राग उतरायचा, कुणाचं तरी पीक वाळायचं, पण साहेबरावांशी कुणाचं वैर झालं नाही. घरातही त्यांनी हाच शब्द चालवला. बायको शोभाबाई म्हणायची, ह्यांच्या चितेला अग्नी द्यायची वेळ आली तरी हे उठून म्हणतील, बघू.

ह्या वेळी मात्र तो शब्द त्यांच्याकडून काढून घेतला होता. चार दिवसांमागं धम्मप्रिया भोकरहून आली. तिथल्या सरकारी दवाखान्यात ती परिचारिका होती आणि बोलायचीही तशीच, थोडं आणि सरळ. चुलीपुढं बसून ती म्हणाली, "बाबा, एकच मागते. पांढरी साडी, साधी. पाठ झाकलेली, बाही कोपरापर्यंत. तिथं कुणी काय बी म्हनलं तर तुम्ही बोलायचं. बघू म्हणायचं न्हाई."

"बोलतो की," साहेबराव म्हणाले होते.

बोलून बसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ह्या घरात नवरीची पांढरी साडी आत्या देते. साडी आत्याची, म्हणजे पसंती आत्याची. आणि आक्कांचा शब्द खाली पडला तर आक्का काय करतात, हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं. चुलतभावाच्या घरभरणीला त्यांच्या आधी दुसरीला ओवाळलं, तर त्या ताटावरून उठून मुदखेडला निघून गेल्या होत्या आणि त्या भावाचं पोरगं आता कॉलेजात गेलं तरी त्याच्या घराची पायरी चढल्या नव्हत्या. मोठ्या मिनतवारीनं त्या बस्त्याला आल्या होत्या. त्या रुसल्या तर धम्मप्रियाच्या लग्नाला आत्या नाही. आणि लेकीचं राखलं नाही तर लेक काही बोलणार नाही, नुसतं बघेल. साहेबरावांना त्या बघण्याचं जास्त भ्या वाटत होतं.

टीव्हीचं हे खूळ थोरल्या पोराचं, सुगतचं. त्याचं हदगावात मोबाईलचं दुकान होतं आणि दिवसभर गिऱ्हाईक कमी अन् मोबाईल जास्त बघून त्याला असल्या गोष्टी सुचायच्या. 'थाट नवरीचा' नावाचा एक कार्यक्रम होता. त्यात खरी नवरी, खरे नातेवाईक, खरं दुकान. साडी निवडताना घरच्यांचं एकमत झालं तर हिरवा दिवा, नाही तर लाल. ह्या आठवड्यात त्यांनी 'साधी नवरी विशेष' ठेवलं होतं. अंगभर कपडे मागणाऱ्या नवऱ्या त्यांना हव्या होत्या. सुगतनं बहिणीचं नाव पाठवलं आणि तिला नंतर सांगितलं.

"साध्या साडीला टीव्ही कशाला पायजे?" धम्मप्रियानं विचारलं होतं.

"साधेपणा लोकायला दिसला पायजे ना," सुगत म्हणाला होता.

*

लातूरच्या त्या दुकानाचे मालक महादेवप्पा दारातच उभे होते. साहेबरावांनी त्यांच्याकडून आजवर घरातले दोन बस्ते बांधले होते. तेव्हा दुकानात पांढऱ्या गाद्या असायच्या. माणसं गादीवर मांडी घालून बसायची, पुढं साड्यांचा ढीग पडायचा, चहा यायचा, पोरं ढिगावर झोपायची, आणि नवरीपासून मानाच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळं एका बैठकीत फाडून, घड्या घालून, एका गाठोड्यात बांधलं जायचं. आज गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्या जागी गुलाबी सोफा आला होता. सोफ्याला प्रखर दिवे लावले होते आणि महादेवप्पांच्या तोंडाला पावडर.

"जय भीम, साहेबराव. या," ते हळूच म्हणाले. "मलाच माझ्या दुकानात विचारून यावं लागून राहिलंय."

क्रूझरमधून एकेक माणूस उतरायला लागलं तसा दिग्दर्शकाचा चेहरा उतरायला लागला. तिशीतला पोरगा होता, कानाला यंत्र, कमरेला अर्धी चड्डी. "सुगतसर, आपण चार जण म्हटलं होतं."

"चारच हायेत," सुगत म्हणाला. "बाकीचे नुसते बसणारेत."

"चौघांत कुटं बस्ता होतोय बाबा?" आक्का म्हणाल्या. "चौघांत मयत बी उचलत न्हाईत नीट. खांदेकरी बदलावं लागतेत."

शेवटी तडजोड झाली. सोफ्यावर आक्का, साहेबराव, शोभाबाई, सुगत आणि आक्कांची धाकटी लेक बुद्धप्रिया. बाकी पावणे जिन्यावर, आवाज न करण्याच्या बोलीवर. साहेबराव आणि आक्का शेजारी आले. दोघांनीही मध्ये शोभाबाईला ओढून बसवलं.

कार्यक्रमाची बाई रेवा नावाची होती. पातळ, उंच, आणि प्रत्येक वाक्याला हात जोडणारी. तीच नवरीला कपडे सुचवायची. "आई, काका, आत्या, कसे आहात? तर आपली धम्मप्रिया आहे साधी. आणि मी तिच्यासाठी एक साधंसं काहीतरी काढलंय."

पडदा सरकला. मागं पुतळ्याच्या अंगावर फिक्कट गुलाबी घागरा होता. त्याला इतके आरसे लावले होते की सगळ्या सोफ्याचं तोंड त्यात तुकड्यातुकड्यांनी दिसत होतं. वरच्या पोलक्याला पाठीमागं जाळी होती.

"हे साधं हाय?" शोभाबाईनं विचारलं.

"आई, आमच्याकडे यापेक्षा साधं नसतंच. आणि हे बघा, पूर्ण झाकलेलं आहे. पाठीला नेट आहे."

शोभाबाईनं जवळ जाऊन जाळीत बोट घातलं. "बाई, मच्छरदाणीत बी निजलेलं माणूस दिसतंच की."

जिन्यावर हसू फुटलं. दिग्दर्शकानं हात वर केला. बुद्धप्रिया मात्र पुढं सरकली होती. "ताई, घालून तर बघ. कसली दिसशील. माझ्या लग्नात मला असलंच पायजे."

"तुझ्या लग्नात तुझी मामी देणार हाय साडी," आक्का म्हणाल्या. "तिला इचार. तिला फोटोतली माणसं मागंपुढं करता येतेत, तर घागरा बी मिळंल."

शोभाबाईनं हे ऐकलं आणि पदर नीट केला. नामकरणात माणसं उभी करायचं काम तिचंच होतं. साहेबराव छताकडं बघू लागले.

धम्मप्रिया कुरकुर न करता घागरा घालून आली. दवाखान्यात रोग्यानं हट्ट धरला तर जशी ती आधी पाणी देते, तशी. सुगतनं मोबाईल काढला. बुद्धप्रियानं गालाला हात लावला. आणि खोटं कशाला बोला, साहेबरावांनाही क्षणभर आपली लेक कुण्या राजाची वाटली. मग त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"छान आहे," धम्मप्रिया रेवाला म्हणाली. "आता मी वाकून दाखवू?"

"वाकून?"

"लग्नात आमाला पंचांग प्रणाम करावा लागतो. बुद्धरूपाला, बाबासाहेबांच्या फोटोला, मग भन्तेजींना. गुडघे, हात आन् कपाळ जमिनीला टेकलं पायजे. त्याच्यावर आमच्या घरातली म्हातारी माणसं. तीच निम्मा मंडप असतेत."

रेवा काही म्हणायच्या आत तिनं गुडघे टेकले. ओढणी पुढं घरंगळली. आरसे फरशीला घासले तसा किरकिर आवाज झाला. कपाळ खाली गेलं आणि कमरेचा हूक सुटून उडाला, तो थेट महादेवप्पांच्या चहाच्या बशीत वाजला. कॅमेरावाल्या पोरानं आपण होऊन कॅमेरा भिंतीकडं फिरवला. शोभाबाई उठली, अंगावरची शाल लेकीच्या पाठीवर टाकली आणि परत येऊन बसली.

"झालं," धम्मप्रिया शालीतून म्हणाली. "आता साडी बघू."

*

साड्या यायच्या आधी एक गोंधळ झाला. त्याला आक्कांचा दोष म्हणता येत नाही, कारण बस्ता कसा करतात हे त्यांना ठाऊक होतं आणि टीव्हीवाल्यांना ठाऊक नव्हतं. रेवानं गोड आवाजात सांगितलं की नवरीचा पोशाख वाहिनीतर्फे भेट, फुकट.

आक्का महादेवप्पांकडं वळल्या. "बोला, त्या घागऱ्याचा काय भाव?"

"आक्का, फुकट हाय. वाहिनीवाले देऊन राहिले."

"फुकट हाय ते कळलं. भाव काय?"

महादेवप्पा जुने व्यापारी होते. त्यांनी भाव सांगितला. आक्कांनी तो निम्म्यावर आणला. महादेवप्पांनी कपाळाला हात लावला आणि थोडं खाली आले. आक्का उठून उभ्या राहिल्या, म्हणजे निघाल्या. महादेवप्पांनी त्यांना बसवलं आणि आणखी थोडं खाली आले.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. "आजी, ते घ्यायचंच नाहीये. आणि फुकट आहे."

"मंग भाव केल्याबिगर कसं कळंल, किती फुकट हाय ते?"

दिग्दर्शकानं महादेवप्पांकडं पाहिलं. "साहेब," महादेवप्पा म्हणाले, "त्यांचं बरोबर हाय. भाव झाल्याबिगर कापड डोळ्याला दिसतच न्हाई."

"आन् आयकून ठेव बाबा," आक्का म्हणाल्या, "पोरीची साडी आत्याची असती. तुमच्या वाहिनीला म्हणावं, तुमच्या लेकीला द्या. हिची मी देणार. माझ्या पैशानं."

मग पांढऱ्या साड्या आल्या. त्या समोर पसरल्या तसा रेवाचा चेहरा पडला. वाईट बाई नव्हती ती; तिला खरंच कळत नव्हतं. "म्हणजे पांढरीच? पूर्ण? मला वाटलं निदान लाल काठ... म्हणजे लग्नात पांढरं जरा... उदास नाही वाटत? पांढरं म्हणजे आपल्याकडे..."

तिनं वाक्य सोडून दिलं, पण सोडलेलं वाक्यही सगळ्यांना ऐकू आलं. साहेबरावांना वाटलं, आता बोलायची वेळ आली. त्यांनी घसा खाकरला. तोवर आक्का सुरू झाल्या होत्या.

"पोरी, हितं बस," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. "तुला कुणी सांगितलं न्हाई, म्हणून मी सांगते. आमची माय लग्नात दुसऱ्याची उतरलेली साडी नेसली व्हती. रंग कोणता ते बी तिला सांगता येत न्हवतं, एवढी धुतलेली. मंग आमी बुद्धाच्या वाटंला लागलो. माझं लग्न आलं तवा मायनं कोरी पांढरी साडी आणली. घडी मोडायला ती भ्याली. पांढऱ्यावर डाग दिसतो बाई. ज्याला रोज चिखलात ढकलत व्हते ना, त्यानं पांढरं नेसायचं म्हंजी काय ते तुला न्हाई कळायचं. उदास म्हणती."

रेवाच्या डोळ्यांत पाणी आलं. दिग्दर्शक पुढं धावत आला. "आजी, जबरदस्त. फक्त मागून कुणीतरी शिंकलं. पुन्हा एकदा, हेच, असंच."

आक्का पुन्हा बोलल्या. पण ह्या वेळी मायची साडी कुणाकडून आणली होती त्या बाईचं नाव आलं, तिच्या सुनेनं पुढं काय केलं तेही आलं, आणि पांढऱ्या रंगापर्यंत गाडी पोचलीच नाही. तिसऱ्या वेळी दिग्दर्शकानं सांगितलं, आजी, फक्त मानाबद्दल बोला.

"मानाचं म्हणशील तर," आक्का कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या, "मान देणाराच्या मनात पायजे. आता नातवाच्या नामकरणात मला मागच्या रांगेत उभं केलं. माझ्यापुढं कोण, तर सुगतच्या बायकोचा मामा. उंच माणूस. फोटोत माझा नुसता पदर दिसतो. मी काय मागितलं व्हतं? कुणी एकानं म्हणायचं, आक्का, फुडं ये. सख्खा भाऊ बाजूला उभा. त्यानं बघितलं. बघितलं आन् म्हनला, बघू."

साहेबरावांना घाम फुटला. दिव्यांचा असेल. इतके महिने आक्का का बोलत नाहीत, ह्याचं कारण त्यांना फोटो वाटत होता. ते आपणच निघालो, हे त्यांना सगळ्या महाराष्ट्राच्या देखत कळत होतं.

"हे नाही ठेवता येणार," दिग्दर्शक म्हणाला.

"ठेवू नको," आक्का म्हणाल्या. "ज्यानं आयकायचं त्यानं आयकलं."

*

ढिगातून दोन साड्या उरल्या. एक धम्मप्रियाच्या हातात होती: मऊ, पांढरी, बोटभर रुंदीचा निळसर काठ, बाकी काही नाही. दुसरी आक्कांच्या मांडीवर होती: तीही पांढरी, पण वीतभर जरीचा काठ, पदरावर सोनेरी मोर, आणि उचलली की करकर वाजणारी.

आता सोफ्यावर फाळणी झाली. सुगत मोरवाल्या साडीकडं गेला, कारण ती पडद्यावर चमकेल. बुद्धप्रिया गेली, कारण घागऱ्यानंतर तीच बरी होती. रेवासुद्धा गेली आणि आक्कांशेजारी जाऊन बसली. मघापासून तिला आक्का फार आवडू लागल्या होत्या. धम्मप्रियाकडं एकटी शोभाबाई. आणि साहेबराव मधोमध, दोन्ही साड्यांपासून सारख्या अंतरावर.

"आत्या," धम्मप्रिया म्हणाली, "ही मला जयंतीला नेसता येईल. धम्मचक्र दिनाला येईल. वर्षावासात विहारात जाईन तवा येईल. दरसाल नेसेन, आन् दरसाल लोक इचारतील, लग्नाची का? मी म्हणेन, हाव, आत्यानं दिली. ती मोराची एकदा नेसून कपाटात जाईल. ती साडी मीच सांभाळत बसेन, ती मला न्हाई सांभाळणार."

"आन् मांडवात लोक काय म्हणतील ते?" आक्का म्हणाल्या. "म्हणतील, नागुबाईनं भाचीला दिली काय, तर धुवायला टाकलेली. काठ बी दिसंना. माझ्या मायनं उतरलेली नेसली ती नेसली. माझ्या हातानं मी हलकी देणार न्हाई."

"हलकी न्हाई ती. साधी हाय."

"लांबून सारखंच दिसतं, बाई."

रेवानं छोटं मेज आणलं. त्यावर दोन बटणं होती आणि मागं दोन दिवे. नियमाप्रमाणं ते नवरीच्या बापापुढं, म्हणजे साहेबरावांपुढं, यायला हवं होतं, पण दिग्दर्शकानं डोळ्यानं खूण केली आणि मेज आक्कांपुढं ठेवलं गेलं. आपल्याला वगळलं ह्याचं साहेबरावांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते असं, जसं ऐन तापलेल्या भांडणात दुसऱ्या पाटकऱ्यानं येऊन म्हणावं, तुम्ही जेवायला जा.

"तर आत्या," रेवा म्हणाली, "धम्मप्रियाच्या निवडीला तुमचं उत्तर काय?"

आक्कांनी वेळ लावला नाही. त्यांनी लाल बटण दाबलं. सगळं दुकान लाल झालं. धम्मप्रियाच्या हातातली पांढरी साडीसुद्धा.

धम्मप्रिया रडली नाही. कॅमेरा तिच्या अगदी तोंडाजवळ गेला तरी रडली नाही. तिनं साडीची घडी घातली, काठाला काठ लावून, आणि बापाकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

साहेबराव उठले. का उठले ते त्यांनाही कळलं नाही. बसून म्हणता आलं असतं. "आक्का," ते म्हणाले, "न्हाई."

"काय म्हनला हा?"

"न्हाई म्हनलो. साडी तू द्यायची, तुझाच मान हाय. पर तिच्या हातातलीच द्यायची. दुसरी न्हाई."

कुणाचा तरी मोबाईल जिन्यावर वाजला आणि लगेच गप्प झाला. आक्का भावाकडं बघत राहिल्या. आई कामाला गेली की त्यांनीच ह्याला खांद्यावर वाहिलं होतं, नाक पुसलं होतं, मुदखेडच्या आठवडी बाजारात हरवला तेव्हा शोधून थोबाडीत दिली होती. आणि ह्या सगळ्या जन्मात ह्यानं त्यांना हा शब्द म्हटला नव्हता. साहेबरावांची नजर आक्कांच्या चपलांवर गेली. आता त्या चपलेत पाय घालणार.

"सर," दिव्यांच्या मागून आवाज आला, "फारच सुंदर. फक्त कॅमेरा आजींवर होता. आता तुमच्यावर घेतो. पुन्हा एकदा, हेच."

"पुन्हा?" साहेबराव म्हणाले.

"तेच. उठायचं आणि नाही म्हणायचं."

साहेबराव बसले. त्यांच्याकडं तो शब्द एकच होता आणि तो खर्च झाला होता. रेवानं बोट हलवलं. ते उठले. तोंड उघडलं. "आक्का," ते म्हणाले, आणि पुढं काही आलं नाही. मग आलं ते जुनंच. "बघू या का आपुन..."

शोभाबाईनं डोळ्यांवर पदर घेतला.

"ये सायब्या," आक्का म्हणाल्या. नामकरणानंतर पहिल्यांदा त्या त्याच्याशी थेट बोलत होत्या. "मघाशी असं न्हाई म्हनला तू."

"मघाशी निघून गेलं, आक्का."

"मंग आता आण. त्या पोराकडं कामून बघून राहिला? माझ्याकडं बघ. मला म्हणायचं हाय ना?"

"हाव."

"मान वर कर. हात मागं नको बांधू, चोरावानी दिसतंय. म्हण."

साहेबरावांनी मान वर केली. "आक्का, न्हाई."

"हे कोण आयकल? कालव्यावर बी असंच बोलायचा काय? पाणी वर गेलं आसंल मंग. जोरात."

"आजी, तुम्ही बोलू नका, तुम्हाला धक्का बसलाय," दिग्दर्शक म्हणाला.

"बसंल धक्का. त्यानं नीट म्हनलं तर बसंल."

तेव्हा साहेबरावांनी एकदा लेकीकडं पाहिलं, मग बहिणीकडं, छाती भरून घेतली आणि म्हणाले, "आक्का, न्हाई म्हंजी न्हाई. पोरीला जी पसंत हाय तीच साडी यील, आन् कुणाला राग आला तरी यील." आवाज दुकानाच्या मागच्या कोठीपर्यंत गेला. तिथून दोन नोकर बाहेर डोकावले. जिन्यावरच्या पावण्यांनी बोली मोडून टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शकानं अंगठा वर केला.

आक्कांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या उठल्या, पदर खांद्यावर घेतला, चपलेत पाय घातले आणि दुकानाबाहेर गेल्या.

*

क्रूझर उन्हात उभी होती. आक्का पुढच्या सीटवर बसल्या होत्या, तोंड रस्त्याकडं. साहेबराव खिडकीशी जाऊन उभे राहिले. काच अजून अर्धीच होती.

"आक्का."

समोरून उसाचा ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत दोघांनी त्याच्याकडं पाहिलं.

"शेवटच्या वक्ताला एवढं वरडायची काय गरज व्हती?" आक्का म्हणाल्या.

"तूच म्हनलीस, जोरात म्हण."

"मी म्हनले म्हणून?"

"हाव."

"माझं आयकायचंच व्हतं, तर पयल्या वक्तालाच आयकायचं. लाल दिवा लावला तवा."

नामकरणाच्या फोटोबद्दल काहीतरी म्हणावं असं साहेबरावांच्या ओठावर आलं होतं, पण आक्कांनी हात वर केला, माशी हाकलावी तसा.

"पयल्यांदा म्हनला ना तू," त्या म्हणाल्या, "आवाज फुटला व्हता तुझा. लहानपणी फुटायचा तसा. तवाच मला कळलं हा खरं बोलतोय. मंग ते पुन्हा पुन्हा करून नासवलं त्या पोरानं."

"तूच करायला लावलंस की."

"मंग? टीव्हीवर माझा भाऊ बघू म्हणताना दिसला असता."

साहेबराव हसले नाहीत, पण खिडकीवर टेकले. आत दुकानात कुणीतरी शूटिंगचे दिवे मालवत होतं. दुकानाची काच काळी झाली आणि तिच्यात रस्ता दिसू लागला.

"आता आत काय चाललंय?" आक्कांनी विचारलं.

"शिंपी आलाय. पोलक्याचं माप चाललंय."

"कोण उभं हाय जवळ?"

"बुद्धप्रिया."

आक्कांनी दार ढकललं. "ती पोरगी बाही आखूड करायला लावंल. सर बाजूला." खाली उतरायला त्यांनी हात पुढं केला, आणि साहेबरावांनी तो धरला. दुकानाच्या पायरीवर त्या थांबल्या, दम घेतला. "कोपरापर्यंत म्हंजी कोपर उघडं ऱ्हातं, सायब्या. कोपराच्या खाली पायजे. दोन बोटं. साधी म्हंजी साधी. मी देणार हाय, तर नीट साधी देईन."